बुचाखालची चकती

मित्रांनो, भोरला एका घराच्या मागच्या पडवीत चार लोखंडी पायांवर एक लाकडी पिंप उभं आहे. त्यात गोवऱ्या भरलेल्या आहेत. येणारे-जाणारे त्याला गोवऱ्यांचं पिंप समजतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. पण ते पिंप म्हणजे मी, आणि मी एक जुनं धुण्याचं यंत्र आहे. हसू नका. आधी ऐका, मग हवं तर हसा.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या सुतारांनी लाकडाच्या पट्ट्या जोडून माझं पोट केलं आणि लोहारांनी पाय ठोकले. पोटात खुंट्यांचं एक चाक आणि बाहेर एक दांडा. दांडा हलवला की चाक जरा इकडे, जरा तिकडे फिरतं आणि कपडे ताकासारखे घुसळून निघतात. डोक्यावर रबराचे दोन रूळ. त्यांतून ओला कपडा घातला की पलीकडून पिळून, चपटा होऊन बाहेर. तळाशी पाणी सोडायला एक पितळी बूच, आणि पाणी गळू नये म्हणून बुचाखाली रुपयाएवढी एक चामड्याची चकती. ही चकती लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

माझी पहिली वर्षं पुण्याच्या लष्करात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात गेली. तिथं माझा मोठा थाट होता. पाहुणे आले की मडमबाई त्यांना मला दाखवत. पुढे एकोणीसशे छत्तीस साली साहेब मायदेशी निघाला, सामान विकायला काढलं, आणि मी अंगणात एका मोडक्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिलो. तिथं मला उपेंद्ररावांनी पाहिलं.

उपेंद्रराव भोर संस्थानच्या कचेरीत कारकून. कामानिमित्त पुण्याला आलेले. त्यांची बायको सरोज एकोणीस वर्षांची. ती रोज सकाळी धुण्याची बादली घेऊन नीरा नदीवर जायची, आणि थंडीत तिच्या हातांना भेगा पडायच्या. त्या भेगा उपेंद्ररावांच्या मनात होत्या, म्हणून ते माझ्याभोवती दोनदा फिरले. पण गिऱ्हाइकाचा जीव वस्तूत अडकला असं दिसलं की भाव चढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे त्यांनी मला हात लावला नाही, झाकण उघडलं नाही, बूच फिरवून पाहिलं नाही. भिंतीकडे बघत खानसाम्याला म्हणाले, "हे लाकूड बंबात जाळायला बरं आहे. काय घेणार?" पस्तिसावरून अठरा रुपयांवर सौदा ठरला. उपेंद्रराव इतके खूष झाले, की मोटारीच्या टपावर मला बांधताना दोरीच्या गाठी त्यांनी स्वतः मारल्या. मी त्या गाठींत आवळलेला, कात्रजच्या घाटात हेलकावे खात भोरला आलो.

घरात सत्ता माईंची. माई म्हणजे उपेंद्ररावांच्या आई. त्यांचं सोवळं फार कडक. सोवळं म्हणजे पूजेसाठी, स्वयंपाकासाठी वेगळं धुऊन वाळवलेलं शुद्ध वस्त्र. त्याला चामड्याचा स्पर्श चालत नाही. देवळातल्या पखवाजाला चामडं असतं ते देवाला चालतं, पण देवाचं निराळं आणि माईंचं निराळं.

माईंनी मला लांबूनच न्याहाळलं. "उपेंद्र, माझी लुगडी यात जायची. यात चामडं-बिमडं नाही ना?"

"छे गं. लाकूड, लोखंड आणि रबर. रबर म्हणजे झाडाचा चीक."

"विचारून घेतलंस?"

"घेतलं," उपेंद्रराव म्हणाले.

विचारलं कुठलं? विचारलं असतं तर भाव चढला असता. बुचाखाली काय आहे, ते मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, यंत्राला तोंड असतं ते पाणी ओतण्यापुरतं. माईंनी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "सूनबाई, सुटलीस बघ. आता उद्यापासून नदीवर जायचं कारण नाही."

सरोजनं मान खाली घातली. उपेंद्ररावांना वाटलं, आनंदानं घातली.

खरं सांगायचं तर करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. नदीवर पाणी आपलं आपण वाहत येतं. माझ्यासाठी ते विहिरीतून शेंदावं लागे. साबणाला सहा बादल्या, खळबळायला आठ. वर तो दांडा. आठ दिवसांत सरोजच्या हातांच्या भेगा भरल्या आणि तळव्यांना फोड आले. पण हे दुःख ती सोसत होती. तिचं खरं दुःख वेगळं होतं, आणि ते मला तिच्याच तोंडून कळलं. दांडा फिरवताना ती माझ्याशी बोलायची. त्या परसात दुसरं होतं कोण?

तिचं माहेर हिर्डोशीचं, वरंध घाटाच्या वाटेवरचं. वडील वारलेले, घरी आई आणि भाऊ श्रीपाद. लग्नात वरपक्षाच्या पंगतीला तूप कमी पडलं आणि माईंनी तिथल्या तिथं शब्द टाकला, की हिर्डोशीकरांनी आमचा उंबरा ओलांडायचा नाही आणि आमच्या सुनेनं त्यांचा. चार वाट्या तुपासाठी लेक तीन वर्षं आईला दिसली नव्हती. श्रीपादची पत्रं येत, ती माईंच्या हातात पडत आणि तिथून पुढे सरकत नसत.

राहिली होती ती नदी. नीरा हिर्डोशीवरूनच खाली भोरला येते. आणि हिर्डोशीची साळूबाई बाजाराच्या दिवशी नाचणी आणि रिठे विकायला यायची, ती पाय धुवायला नदीवर थांबायची. तिच्याकडून सरोजला आईची खुशाली कळायची, तिच्याच हाती निरोप जायचा. नवऱ्यानं मोठ्या मायेनं मला आणलं, आणि बिचारीचं ते एवढंसं दारही बंद झालं. मला कुणी कोंडलं तर मी समजू शकतो, मी वस्तू आहे. पण मीच कुणाचं कुलूप व्हावं, याची लाज मला आजही वाटते.

असे सात आठवडे गेले. तोवर माझी चकती झिजली होती आणि बुचातून थेंब थेंब गळू लागलं होतं. माझ्या हातात तेवढंच होतं, आणि मी ते मनापासून करत होतो.

एका बाजाराच्या दिवशी परसाच्या दाराशी हाक आली, "रिठं घ्या, रिठं." साळूबाईच होती. माईंनी तिला लग्नात पाहिलेलं नव्हतं, म्हणून आत येऊ दिलं. माई पैसे आणायला घरात वळल्या आणि साळूबाई भराभर बोलू लागली.

"किती बाजार झालं, म्या घाटावर वाट बगतीया. कुठं होतीस?"

सरोजनं माझ्याकडे बोट दाखवलं. साळूबाईनं मला खालून वरून पाहिलं. "ह्यो उसाचा चरक तुज्यावर आणलाय व्हय? बरं, ऐक. तुजी आई लई आजारी हाय. आन्न जात न्हाई पोटात. सोमवारी डोलीत घालून आणत्यात, दहाच्या मोटारीनं पुन्याच्या दवाखान्यात न्यायला. मोटार येस्तवर नदीच्या वाळूत डोली टेकवणार. तुजं तोंड बगायचं म्हणती. तेवढं ये."

माई आल्या. साळूबाईनं रिठे मोजून दिले आणि ती गेली. सरोजचे हात दांड्यावर तसेच राहिले.

संध्याकाळी उपेंद्रराव परसात हातपाय धुवायला आले तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. उपेंद्रराव वाईट नव्हते, मित्रांनो, पण आईपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते म्हणाले, "बघतो. वेळ बघून आईशी बोलतो." शुक्रवारी वेळ नव्हती. शनिवारी उपास होता. रविवारी माईंचं डोकं दुखत होतं. सरोजनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माईंना विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या, तर सोमवारी खोटं कारण सांगून बाहेर पडायचीही सोय उरली नसती.

सोमवार उजाडला. सरोजनं मला भरायला घेतलं आणि बुचातून धारच लागली. ती खाली बसली, तिनं बूच फिरवून काढलं आणि आत बोट घातलं. हाताला काहीतरी बुळबुळीत लागलं. तिनं ते बाहेर ओढलं. काळी, फुगलेली, कडा झिजलेली माझी चकती तिच्या तळव्यावर आली. तिनं ती नाकाशी नेली आणि तिला कळलं.

तेवढ्यात उपेंद्रराव दात घासायला विहिरीवर आले. तिनं तळवा पुढे केला. "हे चामडं आहे."

त्यांनी घराच्या दाराकडे बघत आवाज खाली आणला. "आईला सांगू नकोस. सात आठवडे तिनं हीच लुगडी नेसून पूजा केली आहे. मी विचारून घेतलंय असं म्हणालो होतो गं. मी गुपचूप रबराची आणून बसवतो."

"बसवाल. मग मी पुन्हा हा दांडा फिरवत बसेन, आणि आई वाळूत वाट बघून निघून जाईल."

नदी दोन आळ्या पलीकडे होती आणि ऊन विहिरीच्या काठावर आलं होतं. ती बोलली तर नवऱ्याचं नाक कापलं जाणार, आणि तो तर तिच्या हातांच्या भेगा पाहून मला घेऊन आला होता. हे तिलाही कळत होतं. ती रडवेली झाली, पण उठली.

मागच्या उंबऱ्याशी जाऊन तिनं ती चकती दगडावर ठेवली. "माई, यंत्रात चामडं आहे."

माई बाहेर आल्या. त्यांनी चकतीकडे पाहिलं, मग मुलाकडे. "तू विचारलं होतंस ना?"

उपेंद्ररावांनी मान खाली घातली. "नाही विचारलं. भाव वाढला असता."

मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण माई ओरडल्या नाहीत. त्या तिथंच, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. देवाजवळ इतके दिवस आपण काय नेसून बसलो, हे त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं. त्या क्षणी मला त्यांचीही कीव आली. त्यांचं आयुष्य तरी दुसरं कुठं होतं? नियमांच्या त्या चौकटीत त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून उभ्याच होत्या. मग त्या म्हणाल्या, "घरातला एकूण एक कपडा वाहत्या पाण्यातून काढून आणायचा. लुगडी, धोतरं, पंचे, अंथरुणं, पडदे. विहिरीचं पाणी चालायचं नाही. नदीवर जा. आत्ताच्या आत्ता."

म्हणजे बघा. ज्या माईंनी तिला कोंडलं होतं, त्यांच्याच सोवळ्यानं दार उघडलं.

धुण्याची चार गाठोडी झाली. एक सरोजनं उचललं. उरलेली तीन उपेंद्ररावांनी काखेत आणि डोक्यावर घेतली. कचेरीतला कारकून डोक्यावर धुणं घेऊन भर सकाळी भोरच्या रस्त्यानं निघाला, आणि माई दारातून बघत राहिल्या, पण त्याला हाक मारून थांबवलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मी परसात, उघड्या बुचाचा, तसाच उभा होतो. दिवस कलला तेव्हा दोघं मागच्या दारानं आली; उपेंद्रराव गाठोडी उतरवून घरात गेले आणि सरोज एकटीच परसात राहिली. तिनं दोरीवर कपडे वाळत घातले आणि मग माझ्या झाकणावर हात टेकून बसली.

"भेटली," ती म्हणाली. "बोलवत नव्हतं तिला. माझे हात हातात घेऊन नुसती फोडांवरून बोट फिरवत होती. यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा तिनं यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग मोटार आली." आणि ती पोटभर रडली. तिची आई पुण्याहून परत आली नाही.

त्यानंतर मला परसातून पडवीत ढकललं. विकायला काढलं, पण चामड्याची गोष्ट गावभर झालेली, फुकटसुद्धा कुणी नेईना. शेवटी माझ्यात गोवऱ्या भरल्या. आज त्याला नऊ वर्षं झाली. मी इथून हललो नाही आणि आता हलेन असं वाटत नाही. विलायतेतून इतका लांब आलो, तो या कोपऱ्यात अडकून पडायला.

तेव्हा मुलांनो, मोठे व्हाल, कमवाल, घरी नव्या नव्या वस्तू आणाल. स्वस्त मिळाली तर आनंदानं घ्या, पण उघडून आत काय आहे ते बघा. आणि जिचे कष्ट वाचावेत म्हणून घेता, तिला एकदा विचारा, की बाई, तुला यातून काय हवं आहे आणि काय जाऊ द्यायचं नाही. उपेंद्ररावांनी भाव विचारला, वाहतूक विचारली, सरोजला तेवढं विचारलं नाही.

माझं बूच पुन्हा कुणी बसवलं नाही. तळाशी रुपयाएवढं भोक तसंच आहे आणि त्यातून मला परसाचं दार दिसतं. रोज सकाळी तिथून सरोजची पावलं जातात, बादली घेऊन, नदीकडे. मी गोवऱ्यांच्या ओझ्याखाली ती मोजतो. दारापर्यंत नऊ पावलं, आणि मग ती बाहेर असते.