नवशिक्यांसाठी सोपी

मी पाटी बोलतेय. लाकडी, हिरवी, गुहेच्या तोंडाशी सिमेंटमध्ये रोवलेली. माझ्यावर ठळक अक्षरांत खोटं लिहिलंय. ते मी लिहिलं नाही, पण लोक येऊन मलाच वाचतात.

माझा जन्म रंगाच्या दुकानात झाला. मला रंगवणारी मुलगी कॉलेज सोडून तिथे कामाला लागली होती. घरात तिला थोरली म्हणत. तिचे मोठे काका निवृत्त मुख्याध्यापक आणि डोंगर मंडळाचे अध्यक्ष. मंडळाने एक यादी काढली होती: घराजवळच्या, पहिल्यांदाच जाणाऱ्यांना जमतील अशा गुहा. यादीतल्या पहिल्या गुहेसाठी मी.

"काका, आतून बघितलीय ना कोणीतरी?"

"वरची आहे ती. खोलीएवढी, दोन्हीकडून उजेड. तू वेलांटी नीट काढ. कॉलेज तर धड केलं नाहीस."

तिने वेलांटी काढली. सुरेख काढली. ‘नवशिक्यांसाठी सोपी गुहा. मुलाबाळांसह या.’

वरच्या गुहेपर्यंत अर्ध्या तासाचा चढ आहे. मला घेऊन काका आणि मंडळाचे चिटणीस गाडी जाते तिथवर आले, वीस पावलं चालले, आणि खालच्याच एका भोकापाशी काका धापा टाकत गुडघे धरून थांबले.

"इथेच गाडा."

"सर, ही ती नव्हे."

"गुहा ती गुहा. वर कोण वाहून नेणार? तुम्ही?"

चिटणीसांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि खड्डा खणायला घेतला. दोन म्हाताऱ्यांचे चार गुडघे दुखत होते, एवढ्यावर माझी जागा ठरली.

महिन्याभराने काका थोरलीच्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन आले. धाकटी सोळा वर्षांची. मला बघून ती पळतच आली.

"ए, ताईची अक्षरं!" तिने माझ्या वेलांटीवरून बोट फिरवलं. "काका, तुम्ही येताय ना?"

"सोपी आहे, लिहिलंय ना? जा." आणि काका गाडीत पेपर उघडून बसले.

माझ्या पाठीमागे तीस पावलं सपाट आहेत. मग ओली माती, उतार, आणि उतार संपतो तिथे दोन पुरुष खोल खड्डा. हे मला नंतर कळलं, दोर घेऊन आलेल्या माणसांच्या बोलण्यातून. त्याआधी मैत्रिणी किंचाळत बाहेर आल्या. काकांनी गाडीची काच खाली केली आणि पहिला प्रश्न विचारला, "इतकं आत जायला कोणी सांगितलं होतं?"

धाकटी वाचली. पण कमरेखाली तिला आता काहीच जाणवत नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्याचे साहेब चौकशीला आले. "पाटी कोणी लावली?"

"रंगवली हिने," काकांनी थोरलीकडे बोट केलं.

विचारलं काय, सांगितलं काय. चिटणीस बुटाची नाडी बांधू लागले. मुलींचा बाप शेजारीच होता. मोठ्या भावापुढे त्याला कधी तोंड फुटलं नव्हतं, त्या दिवशीही फुटलं नाही.

आठवड्याने थोरली पहार घेऊन आली. मला बरं वाटलं. दोन घाव बसले, तेवढ्यात मागून बाप धावत आला.

"उपटू नकोस गं. काकांची चूक होती असा अर्थ होईल."

"होतीच बाबा."

"असेल. पण ते मोठे आहेत."

"आणि धाकटी?"

त्याने तिच्या हातातून पहार काढून घेतली.

मग मंडळाची बैठक झाली. दोन तास चर्चा, चहा, ठराव: ‘सोपी’ खोडून ‘मध्यम’ लिहावं. वरच्या गुहेचा विषय कोणी काढला नाही. ‘मध्यम’ काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, पाणचट रंगात, अक्षरांवर अक्षरं चढवून. दोन उन्हाळ्यांत ते सालपटासारखं गळून गेलं. थोरलीचं काम पक्कं होतं. खालून ‘सोपी’ पुन्हा वर आलं, वेलांटीसकट.

तुम्हाला वाचता येतं म्हणून एवढंच मागते: मला उपटा. फोडा, जाळा, पण इथे उभी ठेवू नका.

लवकर करा. आत्ताच एक गाडी थांबलीय. आजोबा आत बसूनच ओरडतायत, "लिहिलंय ना सोपी म्हणून? जाऊ दे पोरांना!" आणि त्यांची नात पळत आलीय, माझ्या वेलांटीवरून बोट फिरवतेय.