पॅरामेशियमच्या बिदाईची सीडी

सुज्ञ वाचकहो, विज्ञानाच्या यंत्रास लग्नघरच्या यंत्राची जोड मिळाली असता ब्रह्मपुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात काय प्रसंग ओढवला, त्याचे यथामती निवेदन येथे करण्यात येत आहे. साल दोन हजार चार.

लग्नाचे चित्रीकरण करणारे इनायतभाऊ यांची कन्या मदीहा अकरावीत होती. वर्गात सूक्ष्मदर्शक एकच आणि पोरे वर्गभर; त्यात पोरींची पाळी शेवटी. डोळा लावावा न लावावा तोच मागून ढोसणी बसे.

"अब्बा, मले आजवर माझी पापणीच दिसली," ती रडवेली होऊन म्हणाली. बापाचे काळीज हलले.

इनायतभाऊंनी महाविद्यालयात जाऊन आपला डिजिटल कॅमेरा सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बसविला आणि वायर टीव्हीला जोडली. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्याच्या एका थेंबात पॅरामेशियम नामक चपलेच्या आकाराचे जीव बाजारासारखी धावपळ करताना साऱ्या वर्गास एकदम दिसले. जीवशास्त्राचे सुरेंद्र सर हरखले. परंतु प्राचार्य गुणवंतराव म्हणजे ताकही फुंकून पिणारे गृहस्थ.

"सीडी बनवून दाखवा," ते म्हणाले. "पटली तर हे सारं वर्गात राहील. नाईतर सूक्ष्मदर्शक कपाटात अन् शिकवणं फळ्यावर!"

मदीहाने दोन जीव एकमेकांस चिकटलेले हेरले. "अब्बा, हे सुटेपर्यंत बंद करू नका."

माणसाचा डोळा तासन्‌तास टिकत नाही, कॅमेरा टिकला. थेंब सुकू नये म्हणून मदीहा पाणी सोडीत बसली. मग इनायतभाऊंनी घरी संगणकावर मिक्सिंग केले, आणि तेथेच घात झाला. हातास वळण लग्नाचे!

वर्गात सीडी लागली. प्रथम गुलाबाच्या पाकळ्या झडल्या, सनई वाजली, आणि बदामाच्या चौकटीत ती जोडी डुलत अवतरली. पोरे खदखदली. सुरेंद्र सरांनी कपाळास हात लावला.

"इनायतभाऊ, हे काय होय?" गुणवंतराव गरजले.

"साहेब, जोडी दिसली... सवयीनं होऊन गेलं."

"अन् यातला नवरदेव कोणता?"

मदीहा उभी राहिली. "सर, यांच्यात नवरा-नवरी नसते. दोघं आपल्या न्यूक्लियसचा भाग एकमेकांले देतात अन् वेगळे होतात."

"पुस्तकातलं सांगून राह्यली का?"

"न्यूक्लियसचं पुस्तकातलं सर, पण वेगळं होणं डोळ्यानं पाह्यलं."

"वेगळे होतात? मग हे कसलं लग्न?"

इनायतभाऊ अदबीने पुढे सरले. "साहेब, बिदाईचाही शॉट घेतला आहे. पाहा तर खरं."

करुण धून सुरू झाली. जोडी थरथरली, सुटली. एक डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे. गुणवंतरावांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीजवळ ओढली आणि म्हणाले, "पुन्हा लावा."

तीनदा पाहून ते उठले. "सूक्ष्मदर्शक इथीच राहू द्या. पोरी पुढच्या बाकावर बसतील. अन् भाऊ, ती सनई काढा."

"बिदाईची धून, साहेब?"

"ती राहू द्या," गुणवंतराव हळूच म्हणाले.

ज्या वाचकांनी आपला अमूल्य वेळ या अल्पशा लेखनास दिला, त्यांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

मनसाराम भोयर, वडसा