पालकांची खुर्ची

"पालकांना घेऊन या. तोवर वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही."

दीपमालानं मागे वळून पाहिलं. मागे कुणी मुलगी नव्हती. नुसतं दार होतं.

"मॅडम, मी चौतीस वर्षांची आहे."

"दिसतंय मला." प्रिन्सिपॉल उल्का केतकरांनी हजेरीपटातून मान वर केली नाही. "नियमात वयाबद्दल काही लिहिलेलं नाही. गैरहजर विद्यार्थिनीच्या पालकांना बोलवायचं, एवढंच लिहिलंय. उद्या सकाळी. या आता."

एकोणिसाव्या वर्षी ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षातून उठली होती. लग्न ठरलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वयाची अट संपत आली तेव्हा ती पुन्हा पहिल्याच वर्षाला येऊन बसली. मधली सगळी वर्षं बिबवेवाडीतल्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेली. पेशंटसमोर तिला तिथे सिस्टर म्हणत आणि पगाराच्या दिवशी मदतनीस. अशा बायकांच्या पाठीवर कितीतरी नर्सिंग होम्स उभी आहेत. बाहेर पाटी असते, आत एसी असतो, आणि इंजेक्शन देणाऱ्या बाईचं शिक्षण कुणी विचारत नाही. विचारलं तर परवडणार नाही.

नोकरी सोडावी तर फी भरणारं कुणी नाही. म्हणून रात्री तिथे, सकाळी इथे. पण सकाळची बाई आली नाही की डॉक्टर म्हणत, "थांब गं जरा, पळून चाललीय का तुझी शाळा?" ते 'जरा' दुपारपर्यंत लांबे. इकडे वॉर्डाची गैरहजेरी पडे.

व्हरांड्यात वर्गातल्या मुली उभ्या होत्या. तिच्या निम्म्या वयाच्या. नोट्स हव्या असल्या की ताई म्हणत, पाठ वळली की काकू. आज तोंडावरच म्हणाल्या.

"काकू, उद्या कुणाला आणणार? मिस्टरांना की सासूबाईंना?"

सगळ्या हसल्या. दीपमालाही हसली. आपल्यावरच्या विनोदाला आपण हसलो नाही तर डबा खायला कुणी शेजारी बसत नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात समजलं होतं.

संध्याकाळी बद्रीनाथ गाडीवर निघायच्या घाईत होता. कॉम्प्युटर कंपनीतल्या पोरापोरींना रात्री ने-आण करायचं त्याचं काम. या शहराला आता रात्रभर अमेरिकेशी बोलायचं असतं, म्हणून नवरा जागा. बोलून बोलून पोटात जळजळतं, सलाइन लागतं, म्हणून बायको जागी. एका खोलीत संसार करून दोघं एकमेकांना आरशासमोर तेवढे भेटत, तेही पाठमोरे.

"उद्या शाळेत येऊन जाता का? पाच मिनिटं. पालक पाहिजेत म्हणतात."

बद्रीनाथनं कंगवा थांबवला. "मी काय तुहा बाप आहो काय?"

"बाप कुठून आणू? तो गेला. नवरा चालते."

"आन् तिथं जाऊन काय सांगू? माही बायको पहिलीत नापास झाली म्हनून? गाडीवरचे पोट्टे हसतीन मले." कंगवा खिशात गेला. "म्या सांगतलं होतं, हे धंदे करू नको. आता निस्तर."

नवऱ्याची पावलं जिन्यावर उतरली. कोपऱ्यात नम्रता अभ्यास करत होती. नववीतली, इंग्रजी शाळेतली.

"तू चलशील, नमू?"

"मम्मी, प्लीज हां. मी तुझी पेरेंट? किती ऑकवर्ड!" मग पुस्तकातच बघत ती म्हणाली, "आणि माझ्या पेरेंट्स मीटला तू आलेलीस का?"

खरं होतं. त्या दिवशी दीपमालाची परीक्षा होती. तिनं पोळ्या झाकून ठेवल्या आणि ड्यूटीला निघाली.

सकाळी ती केतकर मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली.

"पालक?"

"कुणी आलं नाही."

"आलं नाही, की येत नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बाहेर जा."

संपलं, असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा पहिलं वर्ष सुटलं. ती दारापाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"एप्रन बाहेर खुंटीला लावा. आणि पालक म्हणून आत या."

"मॅडम?"

"नियम म्हणजे नियम. मला पालकांशी बोलायचंय. तुमच्याशी काल बोलून झालं."

तिनं एप्रन काढला. ओढणी सारखी केली. दारावर टकटक केलं.

"यावं. बसा."

या खोलीत विद्यार्थिनी बसत नसत. पालकांची खुर्ची वेगळी, गादीची. दीपमाला तिच्या कडेला टेकली.

"नीट बसा. आपली मुलगी सारखी गैरहजर असते, कल्पना आहे आपल्याला?"

"आहे."

"का असते?"

माफी ओठांवर आली होती. पण पालक कशाला माफी मागेल? "रात्रभर कामावर असते ती. सकाळी सोडत नाहीत तिला."

"मग आपण तिथे जाऊन भांडला नाहीत?"

"नाही."

"मुलीसाठी एवढंही करू नये?"

"सवय नाही, मॅडम."

"लावून घ्या. जेवते का ती वेळेवर?"

असं कुणी शेवटचं कधी विचारलं होतं, ते तिला आठवेना. "उभ्या उभ्या खाते."

"अभ्यासात कशी आहे?"

"चांगली होती. आता पुस्तक उघडलं की डोळे मिटतात तिचे."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "बुडालेले तास दिवाळीच्या सुट्टीत भरून द्यावे लागतील. बाकीच्या मुली गावी जातील, ही एकटीच वॉर्डात राहील. चालेल?"

"चालेल."

"सणाच्या दिवशी घरी वाट बघतील तिची."

"नाही बघत कुणी."

हे ती रडून म्हणाली नाही. तापमान सांगावं तसं सांगितलं.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "हरकत नाही. सुट्टीत मीही इथेच असते." मग त्यांनी घंटी वाजवली. "नंदाबाई, पालकांना चहा आणा." आणि पुस्तकं गोळा करत त्या उठल्या. "मला तास आहे. चहा झाल्याशिवाय उठू नका. मुलीला सांगा, उद्यापासून वॉर्ड. वेळेवर."

"सांगते."

शिपाई नंदाबाईंनी कपबशी आणून ठेवली. रोज "ए फर्स्ट इयर, सर बाजूला" म्हणणाऱ्या बाई आज "घ्या" म्हणाल्या.

खोलीत आता कुणी नव्हतं. तासाला निघालेल्या मुली दारावरून जाताना थबकल्या, एकमेकींना कोपर मारू लागल्या. दीपमाला खुर्चीत मागे सरली, पाठ टेकली. चहा फार गरम होता. तिनं तो बशीत ओतला आणि सावकाश फुंकर घालत बसली.