मास्तरांच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिंप्याकडे कपड्यांची मापं घेतात, ती. माझी पितळी टोकं झिजली आहेत आणि पहिले तीन आकडे पुसट झाले आहेत. वय मात्र विचारू नका.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझं खरं आयुष्य म्हैसूरच्या अग्रहारात, नरहरी मास्तरांच्या दुकानात सुरू झालं. मास्तर माप घेत, मोठ्याने आकडा सांगत आणि त्यांची बायको सोयराबाई तो वहीत लिहीत. "छाती अडतीस!" "लिहिलं, मुंदे!" मुंदे म्हणजे पुढे. आमच्या घरात मराठीत कन्नड असं मिसळूनच येतं. दसऱ्याच्या आयुधपूजेला मशीन आणि कात्रीबरोबर मलाही कुंकू लागायचं. तेव्हा माझा काय तोरा असायचा!

गेल्या वर्षी सोयराबाई वारल्या. पंधरा दिवसांनी मास्तरांनी दुकान उघडलं. एका गिऱ्हाइकाचं माप घेतलं, "अडतीस!" म्हणाले आणि थांबले. कुणी लिहिलं नाही. तरी ते पुढचे आकडे सांगत राहिले. वही कोरीच राहिली, कपडे अंदाजाने बेतले गेले आणि बिघडले. गिऱ्हाइकं तुटली, तसं त्यांनी शिवायला कापड घेणंच बंद केलं. दिवसभर नुसते बसून राहत. त्या दसऱ्याला मला कुंकू लागलं नाही. मला फार एकटं वाटलं, आणि त्यांना त्याहून जास्त.

त्यांची मुलगी चंद्रिका त्यांना एका समुपदेशकाकडे घेऊन गेली. गृहस्थ खूप शिकलेले होते. घड्याळाकडे बघत त्यांनी भराभर प्रश्न विचारले आणि काय करावं, काय करू नये, याचा छापील कागद दिला. मास्तरांना काही बोलताच आलं नाही.

घरी आल्यावर ते म्हणाले, "ते दोड्ड मनुष्य, मोठे. माझ्यातच काहीतरी बिघडलंय, मा. बेडा, नको आता कुठे."

"अप्पा, ब्लाउज बसला नाही तर तुम्ही त्या बाईला नावं ठेवता का? उसवून परत शिवता, अल्वा, हो ना?"

मास्तरांनी मान डोलावली. चंद्रिकेने आणखी तिघांना फोन केले. साधं बोलाल का, त्यांचं ऐकून घ्याल का, असं प्रत्येकाला सरळ विचारलं. त्यातून सहनाबाई सापडल्या.

त्यांची खोली लहान होती, दोनच खुर्च्या. मला गळ्यातून काढायला मास्तर विसरले होते. सहनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याबद्दलच विचारलं, आणि मास्तर बोलता बोलता रडले. त्या कन्नडात म्हणाल्या, "चार वेळा भेटून पाहू. पटलं नाही तर तोंडावर सांगा. माझ्याशी नाहीच जमलं तर दुसरं कुणी शोधायला मी मदत करीन."

"म्हणजे ट्रायल," मास्तर म्हणाले. "कच्च्या टाक्यांवर."

दुसऱ्या भेटीत सहनाबाईंनी सुचवलं, मापं लिहायला कुणी मदतीला घ्या. मास्तर म्हणाले, "नको. ती तिची जागा आहे." मला वाटलं, आता बिनसणार. पण बाई म्हणाल्या, "बरं, माझं चुकलं. मग काय जमेल?" "एक माप घेऊन बघतो," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, एका ठिकाणी जमलं नाही म्हणून स्वतःला बिघडलेलं समजू नका. जवळचं कुणी गप्प गप्प झालं असेल, तर त्याच्यासाठी आणखी एक दार ठोठावा. माझी एवढीच विनंती आहे.

दुकान अजून शांतच असतं. सोयराबाईंची खुर्ची रिकामीच आहे. परवा वाणी नावाची शिक्षिका ब्लाउज शिवायला आली. मास्तरांनी मला हातात घेतलं.

"छत्तीस!"

ते सवयीने त्या खुर्चीकडे वळले. मग त्यांनी स्वतःच वही ओढली, पेन्सिल घेतली आणि वेड्यावाकड्या अक्षरात आकडा लिहिला.

"मुंदे," ते हळूच म्हणाले.