डाव्या गमबुटाची राखण

मी गमबूट बोलतोय. जोडीतला डावा. गमबुटाला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. आम्ही दाराबाहेर काढून ठेवायची जिन्नस. पण दाराबाहेर उभं राहणाऱ्याला आतलं सगळं ऐकू येतं, आणि ऐकून घेण्यापलीकडे मला आयुष्यात फारसं काही जमलेलं नाही.

माझा जन्म साच्यात झाला. उजवा शेजारच्या साच्यात. आमची ओळख झाली ती खोक्यात, डोक्याला टाच लावून. मग ल्युब्ल्याना शहरातल्या एका शेतकी दुकानात खताच्या पोत्यांवर आम्ही कितीतरी दिवस लटकत होतो. एका सकाळी येरित्सा आली. तिनं आम्हाला पायात चढवलं, दुकानभर थपथप करत फिरली आणि म्हणाली, "चालतील." मला वाटलं, आता गोठा. नशिबात नद्या होत्या.

येरित्साचा धंदा जरा वेगळा. कुठे धरण किंवा रस्ता बांधायचा झाला, की कर्ज देणारी परदेशी बँक विचारते, त्यानं तिथल्या पाण्याचं, झाडांचं, माणसांचं काय होईल? ते सांगायला सल्लागारांचा गट निघतो. येरित्सा नदीतल्या किड्यांची जाणकार, त्याच विषयात डॉक्टरेट. ती प्रवाहात उभी राहायची, मी तळाचे दगड ढवळायचो, आणि खाली धरलेल्या जाळीत किडे गोळा व्हायचे. कुठले किडे सापडले यावरून तिला नदीची तब्येत कळायची.

अल्बानिया, जॉर्जिया, बोस्निया, सगळीकडे गेलो. काठावर उभं असताना गटातला प्रत्येक जण म्हणायचा, "काय नदी आहे!" अहवालात तीच नदी 'मध्यम महत्त्वाची' होऊन जायची. माणसं काठावर जे बोलतात ते कागदावर का बोलत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

आमच्या कामाचा एक कडक नियम होता. एका नदीचा रोग दुसरीला लागू नये म्हणून प्रत्येक नदी सोडताना आम्हाला औषधाच्या पाण्यात बुडवून ब्रशनं खरवडायचं. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे कुठल्याच नदीचा वास मला जवळ ठेवता आला नाही. येरित्साचंही तसंच. आज या हॉटेलात, उद्या त्या. लॅपटॉपसमोर बिस्किटं खायची आणि फोनवर आईला सांगायची, "हो गं, जेवले पोटभर." मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो आणि मला तिची फार दया यायची.

मग एका जुलैत आम्ही माँटेनेग्रोतल्या एका खोऱ्यात गेलो. तिथे धरण व्हायचं होतं. पाण्याखाली जाणार होतं ते यासेनोव दो नावाचं लहानसं गाव. गटाचा प्रमुख दुआर्ते लिस्बनमध्ये बसून काम बघायचा. त्यानं फोन केला, "तू तिथे आहेसच, तर घरंही बघून टाक. वेगळा माणूस पाठवायला परवडत नाही."

येरित्सा घरोघर गेली. प्रत्येक दाराला कुलूप. अंगणात गवत. कोंबडीसुद्धा नाही. आमचा ड्रायव्हर वुकोता समुद्रकाठचा, डोंगराचं त्याला काडीचं प्रेम नव्हतं. गाडीला टेकून तो म्हणाला, "गेले सगळे जर्मनीला. आमच्या देशात माणसं दोनच ठिकाणी भेटतात, डॉक्टरबाई. जर्मनीत, नाहीतर स्मशानात."

येरित्सा हसली. तिनं फोटो काढले आणि लिहिलं, 'घरं वापरात नाहीत.' त्या दिवशी आम्ही लवकर आटोपलं.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाण्याचे नमुने घ्यायला आलो, तर प्रत्येक धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात गाई, दोरीवर कपडे. नदीत उभ्या असलेल्या येरित्साला काठावरून एका म्हातारीनं हाक मारली. ती यागलिका. विधवा, एकटी, पण आवाज असा की पलीकडचा डोंगर वळून बघेल.

"ए पोरी, पाण्यात काय हरवलंय तुझं? ये वर, गारठशील. कॉफी टाकलीय."

येरित्सानं आम्हाला पायरीवर काढलं आणि ती मोज्यांवर आत गेली. दार उघडंच होतं.

"उन्हाळ्यात कोण मुडदा येऊन लिहून गेला, या खोऱ्यात कुणी राहत नाही म्हणून!" यागलिका सांगत होती. "अगं, जूनमध्ये आम्ही गुरं घेऊन वर कुरणावर जातो, थंडी पडली की उतरतो. माझी सासू असंच करायची, तिची सासूही. धरणाची सुनावणी ऑगस्टात झाली म्हणे. कागद चिकटवला शाळेच्या दारावर. शाळा बंद, आम्ही वर. वाचायचा कुणी? बकऱ्यांनी? त्याही आमच्याबरोबर वर!"



"मावशी, ते मी लिहिलं," येरित्सा म्हणाली.

"तू?" कप आपटल्याचा आवाज आला. "मग हे रिकामं घर तुला कॉफी पाजतंय वाटतं! कुलूप दिसलं की माणूस मेलं समजतात का गं तुमच्याकडे?"

"मला वाटलं, सगळे..."

"पी आधी. निवतेय ती."

फोनला रेंज फक्त उंबऱ्यावर मिळायची. येरित्सा तिथे येऊन, माझ्याच शेजारी बसून, दुआर्तेशी बोलली. तो म्हणाला, "फोटो तूच काढलेस, सहीही तुझीच आहे. फार तर परिशिष्टात एक ओळ टाकू."

"परिशिष्टात राहायला जायचं का त्यांनी?"

"येरित्सा, बँकेची बैठक तोंडावर आहे. पुढच्या कामांत तुझं नाव आहे, एवढं लक्षात ठेव."

तिनं फोन ठेवला. आत चुलीवर यागलिका कचामाक घोटत होती, मक्याच्या पिठाचा आणि बटाट्यांचा तो घट्ट लगदा, आणि मोठ्यानं विचारत होती, "चीज जास्त घालू की कमी?" त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी येरित्सा खरोखर पोटभर जेवली.

तिनं थेट बँकेला कळवलं, "मी चुकीचं लिहिलं." बँकेनं ठरवलं, पुढच्या वर्षी नवा गट येऊन घरं पुन्हा मोजेल, तोवर धरण थांबेल. येरित्साला मात्र पुढचं काम मिळालं नाही, त्यानंतरचंही नाही.

हिवाळा सरल्यावर ती स्वतःच्या खर्चानं बसनं आली, निरोप घ्यायला. यागलिकानं पहिला प्रश्न विचारला, "येणार कधी ते?"

"तारीख सांगत नाहीत, मावशी. उन्हाळ्यातही येतील, माझं पत्र न वाचता."

"म्हणजे परत कुलपंच मोजणार." यागलिका खाली बसली. "मी खाली थांबले तर गाई खातील काय? आणि माझ्यामागे इथे ठेवायला मला आहे कोण?" तिच्या आवाजातली धार पहिल्यांदाच गेली होती. मग तिनं विचारलं, "तुम्ही लोक बघता तरी काय, घरात माणूस आहे हे कळायला?"

"धूर. वाळत घातलेले कपडे. दारातले बूट."

यागलिकानं माझ्याकडे पाहिलं. "हे देऊन जा."

"तुम्हाला मोठे होतील, मावशी."

"घालायला कोण मागतंय?"

येरित्सानं आम्हाला घासून पुसून दिलं. जाताना तिनं माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मला खूप रडावंसं वाटलं, पण रबराला ती सोय नाही.

आता जून आहे. यागलिका गाई घेऊन वर गेली. जाण्याआधी तिनं मला पायरीवर ठेवलं, बोटं बाहेरच्या बाजूला करून, जणू आत्ताच कुणी काढून आत गेलंय. उजवा नदीपलीकडे म्हाताऱ्या मिलुतिनच्या दारात आहे. जोडी मोडताना म्हातारा म्हणाला होता, "पाप लागेल गं." यागलिका म्हणाली, "दोन्ही एका पायरीवर ठेवले तर घरही एकच वाचेल." उजवा मला इथून दिसतो. हाक मारण्याइतका जवळ नाही.

दिवसभर इथे कुणी येत नाही. ऊन मला तडकवतंय, टाचेशी एक चीर पडलीय. पूर्वी रोज नवी नदी होती, येरित्साचा पाय होता. आता एक कोळी आहे, तोही फारसा बोलका नाही. कधी कधी वाटतं, नवा गट येणारच नाही. कधी वाटतं, येईल आणि मला टाकून दिलेला बूट समजेल.

तुमच्यापैकी कुणी मोजायला आलंच, तर कुलूप बघून मागे फिरू नका. कुरणाची वाट चढा. वर यागलिका भेटेल, शिव्या घालेल, कॉफी पाजेल. आणि तेवढं चढायला वेळ नसेल, तर निदान एवढं लिहा, की या घरात कुणीतरी राहतं. ती उतरेपर्यंत तो कुणीतरी मी आहे.