उजवा कसा वाचला?

गाड्यांच्या बाबतीत मिस्त्रीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाडी गल्लीच्या तोंडाशी असली तरी हा गॅरेजमध्ये बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून सांगायचा, चेन सैल झालीय, बेअरिंग चाललंय. दहांतल्या नऊ वेळा बरोबर निघायचं. दहाव्या वेळेची आठवण कोणी काढत नसे, आणि तो स्वतः तर मुळीच नाही.

त्या सकाळी मास्तरांची मुलगी जुनी मोटरसायकल ढकलत घेऊन आली, आणि मिस्त्रीचा चेहराच पडला. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, आता असल्या गाड्या शोधूनही सापडत नाहीत. चित्रकलेचे मास्तर गेल्या वर्षी वारले होते, आणि वडिलांची गाडी चालू करायचीच असं मुलीने मनावर घेतलं होतं. किक मारली की सुरू व्हायची, पण रडतखडत, एकाच सिलिंडरवर. डावा मेलेला होता.

नेमका डावा! बावीस वर्षांपूर्वी याच डाव्याचा पिस्टन भर वेगात जाम झाला होता. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, मास्तर फेकले गेले, मांडीचं हाड मोडलं आणि ते जन्माचे लंगडे झाले. गाडी आदल्याच दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजमधून बाहेर पडली होती, सगळं इंजिन उतरवून, जुळवून. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा पडून जाम होतो, आणि ते काम मिस्त्रीच्या धाकट्या भावाचं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, गाडी बघितलीही नसताना मिस्त्रीने निकाल देऊन टाकला की हा तेल घालायला विसरला. धाकटा सांगत होता, दादा, मी मापाने घातलंय. पण ऐकतो कोण? उचलली जीभ, लावली टाळ्याला. "इंजिन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," मिस्त्री म्हणाला. आठवड्याभरात धाकटा गॅरेज सोडून गेला.

आता तो शाळेची बस चालवायचा. बसचा दिवा गेला तरी दुसऱ्याला बोलवायचा, स्वतः पान्याला शिवत नसे म्हणे. घरच्या कार्यात दोघे भाऊ भेटायचे, बरं आहे ना, बरं आहे, की संपलं.

मिस्त्री कामाला लागला. डाव्याचा प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, झकास. तरी उजव्याचा प्लग डाव्याला लावून पाहिला. डावा मेलेलाच. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली, तर दाब इतका की अंगठा उडाला. कार्बोरेटर उघडला, धुतला, फुंकला. पुन्हा तेच. मुलगी बॅटरीचा उजेड धरून उभी होती. हात चालू होते तशी मिस्त्रीची जीभही चालू झाली, आणि ती जुनी गोष्ट त्याने तिला सांगितली. बावीस वर्षं जशी सांगत आला होता, अगदी तशीच. धाकटा तेल विसरला आणि तुझ्या बाबांचा पाय गेला.

मुलीने उजेड टाकीवर धरला. मग म्हणाली, "काका, तेलच नव्हतं तर उजवा कसा वाचला? टाकी तर एकच आहे ना?"

मिस्त्री पुटपुटला की असतं एखाद्याचं नशीब. दुसऱ्या कोणी असलं उत्तर दिलं असतं तर त्याने त्याला गॅरेजबाहेर काढला असता. उजव्याचं नशीब कसलं डोंबलाचं! तेव्हा जाम झालेला पिस्टन बदलताना उजवा त्याने स्वतःच्या हातात धरला होता. तेलाने ओलाचिंब होता. त्याने तो पुसला आणि गप्प परत बसवला. पुढे ती गाडी कोणी चालवलीच नाही, मास्तरांच्या घरी पडून राहिली.

आता दुसरं काही तपासायचं उरलंच नव्हतं. त्याने डावीकडचं झाकण उघडलं, ठिणगीची वीज तयार करणारा मॅग्नेटो उतरवला. त्यामागे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती रबरी सील असतं, बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून. त्याची स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे हवी. इथे ती बाहेर होती. सील उलटं बसवलेलं होतं. तेव्हा नवं होतं म्हणून जेमतेम एक दिवस निभावलं, मग हवा शिरली, डाव्याला पेट्रोल आणि तेल कमी पडलं आणि पिस्टन जाम झाला. आता तर रबर वाळून लाकूड झालं होतं, त्या बाजूला नुसती हवाच जात होती. आणि सील म्हणजे मिस्त्रीचं काम. धाकट्याला त्याने सीलला कधी बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर खुद्द न्यायाधीश. मिस्त्री स्टुलावर बसला. त्याला स्वतःची मनापासून किळस आली. मग त्याने मुलीला स्पष्ट सांगितलं की तुझ्या बाबांचा पाय माझ्यामुळे गेला.

ती रडली नाही की ओरडली नाही. सील हातात घेऊन उलटंपालटं करत राहिली. धाकटे काका दर रविवारी घरी यायचे, असं तिने सांगितलं. बाबांना हाताला धरून फिरवून आणायचे, बाबा जाईपर्यंत एक रविवार चुकला नाही. मिस्त्रीला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

"आधी त्यांना सांगा," ती म्हणाली. "गाडीचं नंतर बघू."

दुपारी शाळा सुटायच्या आधी मिस्त्री धाकट्याच्या बसपाशी पोचला. धाकटा बसची काच पुसत होता. मिस्त्रीने सील पुढे केलं आणि सगळं सांगितलं, एका दमात, नजर खाली ठेवून.

धाकट्याने मान हलवली. "नाही दादा. तेल मीच विसरलो होतो."

"अरे, तूच तर म्हणत होतास, मापाने घातलं म्हणून."

"म्हणत होतो. पण तू इतकं ठासून बोललास, मग मला आठवेनाच. तू चुकशील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

मिस्त्रीने त्याला उजव्या सिलिंडरचं सांगितलं. ओल्या पिस्टनचंही सांगितलं, तेही लपवलं नाही. गाडीची विद्या धाकट्याच्या अंगातून गेली नव्हती, त्याला लगेच कळलं. तो बसच्या पायरीवर बसला, फडकं हातात तसंच.

"म्हणजे मी घातलं होतं?"

"घातलं होतंस."

धाकट्याने फडक्याची घडी घातली, मोडली. मग म्हणाला, "शेवटच्या दुखण्यात मी मास्तरांचे पाय धरले. म्हटलं, माझ्या हातून झालं, माफ करा. त्यांनी केलं माफ. ते तसंच समजून गेले दादा. आता त्यांना कोण सांगणार?"

घंटा झाली, मुलं धावत आली आणि दोघांच्या मधून बसमध्ये चढू लागली. धाकटा उठून आपल्या जागेवर जाऊन बसला. मिस्त्री सील हातात धरून खालीच उभा राहिला.