ओडेटचा जोड

गवताचा चारशे किलोचा गठ्ठा मार्सेलच्या कमरेवर पडला, तेव्हा ट्रॅक्टर त्याची बहीण ओडेट चालवत होती. गठ्ठे उचलायच्या दांड्याला ट्रॅक्टरशी अडकवणारा मोडलेला लोखंडी कानही आदल्या आठवड्यात तिनंच जोडला होता, तारेनं वेल्डिंग करणाऱ्या नव्या मिग मशीननं. त्या मशीनशी ती महिनाभर झगडत होती. तार गुंतायची. कॅनडातल्या आमच्या मॅनिटोबाच्या वाऱ्यात जोडाला जपणारा गॅस उडून जायचा, जोडाला भोकं पडायची. तो एकच जोड सुरेख उतरला होता. पण फक्त वरून. आत लोखंड वितळलंच नव्हतं, आणि गठ्ठा वर असतानाच तो तुटला.

मे महिन्यात मार्सेल इस्पितळातून चाकाच्या खुर्चीत घरी आला. चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "शेडमधलं बाबांचं जुनं मशीन काढ. रॉडचं."

"मी आता वेल्डिंगला हात लावणार नाही."

"मग कोण लावणार? मी?"

तिनं मशीन काढलं. रॉड लोखंडाला टेकला की चिकटायचा.

"चिकटवायचंच असेल तर डिंक आण," तो खुर्चीतून ओरडायचा. "जवळ धर, पण टेकवू नकोस. आवाज ऐक. तव्यावर बेकन तडतडतं तसा यायला हवा."

तिनं सरावाला जोडलेला प्रत्येक तुकडा तो शिकंज्यात धरून हातोड्यानं तोडायचा.

"हा दिसायला तरी छान आहे," एकदा ती म्हणाली.

"तोही छान दिसत होता."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा शेडमध्ये होती.

तीन आठवड्यांनी एक तुकडा वाकला, पण तुटला नाही. हात दुखेपर्यंत मार्सेल ठोकत राहिला. मग म्हणाला, "दाराशी माझ्या खुर्चीसाठी उतार कर. लोखंडाचा."

तिनं चार दिवस घेतले. दोन जोड घासून काढले, पुन्हा केले.

"थांब, आधी मी उडी मारून बघते."

"सकाळपासून दहादा मारलीस. खिडकीतून दिसत होतं. हो बाजूला."

तो चढला. लोखंड हललं नाही. उंबऱ्याशी त्यानं खुर्ची वळवली.

"मी माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कुरणाचं फाटक मोडलंय. उद्या ते घे."

फाटक तिनं जोडलं. पुढं आम्हा शेजाऱ्यांचीही अवजारं जोडली. मार्सेल पुन्हा उभा राहिला नाही, आणि माफीचा विषयही त्या घरात परत निघाला नाही.